गॅस संपत नसतो : गोव्याच्या दमट हवेत एसी, फ्रिज आणि मासळीची पेटी

एप्रिल लागला की माझा फोन एकाच वाक्याने वाजू लागतो. "एसी थंड करीना, गॅस सोंपलो मरे!" कळंगुटचा गेस्ट हाऊसवाला असो की म्हापशातली निवृत्त शिक्षिका, निदान फोनवरच ठरलेलं. वीसेक वर्षं हातात पाना घेऊन फिरतोय, पण 'गॅस संपला' हे वाक्य काही सुटत नाही. त्याच वाक्यावर काही मेकॅनिक दरवर्षी हजार-दोन हजार रुपये लावून जातात.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांत फिरतो, उकळतो, पुन्हा द्रव होतो, पुन्हा उकळतो. नळी फुटली नाही तर तोच गॅस यंत्र भंगारात जाईपर्यंत पुरतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. हे मनाला पटायचं असेल तर यंत्र आत काय करतं ते कळलं पाहिजे, आणि गोव्यात ते समजावायला माझ्याकडे एक हुकमी जागा आहे.

आधी काजूच्या भाटीवर जाऊ

मार्च-एप्रिलमध्ये सत्तरी, पेडणे किंवा काणकोणच्या बाजूला गेलात तर भाटी पेटलेली दिसेल. भाणात आंबलेला काजूचा रस, खाली लाकडं. अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळतं, पाणी १०० अंशांना. त्यामुळे वर येणाऱ्या वाफेत अल्कोहोलचं प्रमाण जास्त. ती नळीतून लावणीत, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या मडक्यात जाते आणि लावणीवर सतत थंड पाणी ओतलं जातं. आत वाफेचे थेंब होतात, तेच उर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू.

उर्राकाकडे सगळे बघतात. मी शिकाऊ मुलांना त्या ओतलेल्या पाण्यात हात घालायला सांगतो. ते गरम झालेलं असतं. म्हणजे लाकडाची उष्णता वाफेत बसून नळीतून प्रवास करून आली आणि वाफेचा द्रव होताना पाण्यात उतरली. वाफ हमाल, उष्णता गोणी. भाणाकडे गोणी उचलली, लावणीकडे टाकली.

एसी म्हणजे हीच भाटी. तुमच्या खोलीतली कॉईल म्हणजे भाण, बाहेरचा डबा, म्हणजे आउटडोअर, ही लावणी. फक्त इथे भाणाखाली लाकडं नसतात, तुमच्या खोलीची गरम हवा असते. २७ अंशांच्या हवेवर उकळेल असा द्रव वापरला की झालं. हल्ली बहुतेक नव्या एसींत असलेला आर-३२ हा वायू मोकळ्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशांच्या सुमारास उकळतो. त्याच्या दृष्टीने तुमची खोली म्हणजे धगधगती चूल.

स्वयंपाकघरातले दोन प्रयोग

वाचून सोडू नका, करून पाहा. अर्धा लिटर पाणी पातेल्यात घ्या, झाकण ठेवू नका, आच एकसारखी ठेवा. नळाच्या पाण्याला उकळी फुटायला किती मिनिटं लागली ते लिहा. मग आच न बदलता पाणी जवळजवळ आटेपर्यंत किती वेळ लागतो तो मोजा. (तळ कोरडा पडायच्या आत गॅस बंद करा, नाहीतर घरचे या लेखाला दोष देतील.) पहिल्याच्या सात-आठ पट वेळ लागतो.

कारण सोपं आहे. एक किलो पाणी ३० वरून १०० अंशांवर न्यायला सुमारे २९० किलोज्यूल लागतात, पण १०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांची वाफ करायला २२५७. या सगळ्या वेळात थर्मामीटरचा आकडा हलत नाही. शाळेत याला 'अप्रकट उष्मा' म्हणायचे आणि आपण गुणांपुरता तो पाठ केला. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या ग्लासगोला जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने ही गोष्ट पहिल्यांदा नीट मोजून मांडली. वाफ होताना पदार्थ एवढी उष्णता गिळतो आणि वाफेचा द्रव होताना तेवढीच परत करतो. सगळं शीतकरण याच गिळण्या-ओकण्यावर चालतं.

दुसरा प्रयोग प्रेशर कुकरचा, तो तुम्ही रोज करता. शिटी येईपर्यंत आत दाब वाढतो आणि पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. दाब वाढवला की उत्कलन बिंदू वर, दाब कमी केला की खाली. दाबाने उकळण्याचं तापमान हवं तिथे सरकवता येतं, ही एसीची खरी किल्ली.

चार भाग, एक फेरा

भाटीत उष्णता उतारावर वाहते: लाकडाकडून वाफेकडे, वाफेकडून पाण्याकडे. एसीला मात्र २६ अंशांच्या खोलीतली उष्णता ३४ अंशांच्या अंगणात टाकायची आहे. पाणी आपण होऊन चढत नाही, पंप लागतो. तसा इथे कॉम्प्रेसर.

खोलीतल्या कॉईलमध्ये आर-३२ वातावरणाच्या साधारण १० ते ११ पट दाबाखाली असतो. त्या दाबाला तो १० अंशांच्या आसपास उकळतो. पंखा २७ अंशांची हवा कॉईलवरून नेतो, हवा उष्णता देते, द्रव उकळतो. जाड नळीतून ती गार वाफ बाहेरच्या कॉम्प्रेसरकडे जाते. कॉम्प्रेसर तिला दाबून वातावरणाच्या सुमारे ३० पट दाबावर नेतो, ती कडकडीत तापते. आता तिचं द्रव होण्याचं तापमान ५० अंशांजवळ सरकलेलं असतं. बाहेर रणरणत्या उन्हात ३४ अंश असले तरी ५० अंशांच्या नळीपुढे ते गारच, म्हणून आउटडोअरचा पंखा त्यावर ३४ अंशांची हवा मारूनही उष्णता काढून घेतो आणि आत वाफेचा द्रव होतो. शेवटी हा द्रव कॅपिलरीच्या केसासारख्या बारीक नळीतून किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जातो, दाब एकदम पडतो, थोडा द्रव तिथल्या तिथे उकळून उरलेल्याला गार करतो, आणि फेरा पुन्हा सुरू.

दीड टनाच्या एसीत गॅस असतो जेमतेम किलोभर किंवा त्याहून कमी. पण पूर्ण जोरात चालताना सेकंदाला वीसेक ग्रॅम, म्हणजे तासाला सत्तर-ऐंशी किलो गॅस कॉईलमधून जातो. तोच किलोभर गॅस मिनिटभरात फेरा पुरा करून परत. संपणार कसा?

आणि हे 'टन' प्रकरण बर्फाचं आहे. जुन्या काळी थंडावा म्हणजे बर्फच होता. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून तळ्यातला बर्फ जहाजात भरून कोलकात्याला आणून विकला होता. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढं काम म्हणजे एक टन, अर्थात ३.५ किलोवॅट. तुमचा दीड टनाचा एसी खोलीत तासाला ५७ किलो बर्फ वितळवल्यासारखं काम करतो. वीज मात्र दीड किलोवॅटच्या आसपास खातो, कारण तो थंडी तयार करत नाही, उष्णता वाहून नेतो. आतली ५.२ आणि कॉम्प्रेसरची १.५ मिळून ६.७ किलोवॅट उष्णता बाहेरच्या डब्यातून निघते. म्हणून आउटडोअर बंदिस्त डक्टमध्ये कोंबू नका. आपलीच ओकलेली गरम हवा तो परत ओढतो, आतला दाब चढतो आणि बिलही.

गोव्यात लढाई तापमानाशी कमी, पाण्याशी जास्त

नागपूरचे पाहुणे मे महिन्यात येतात आणि म्हणतात, "एवढंच ३३ अंश? आमच्याकडे ४४ असतं, आम्ही कूलरवर भागवतो." त्यांचं बरोबर आहे. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याने गुंडाळलेला थर्मामीटर २३ अंशांपर्यंत उतरतो. कूलर त्याच्या जवळ, २७-२८ पर्यंत हवा आणतो. आपल्याकडे ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तोच ओला थर्मामीटर २८ च्या वर अडकतो. कूलरने हवा फार तर तीन-चार अंश उतरेल आणि खोली धुक्यासारखी ओली होईल. डिचोलीच्या कुंभाराचा माठही मेमध्ये कितीही पाझरला तरी याच कारणाने विदर्भातल्या माठाइतकं गार पाणी देत नाही. माठ तोच, हवा पाणी प्यायला तयार नाही.

म्हणून गोव्यात एसीचं मोठं काम हवा कोरडी करण्याचं आहे. आपल्या या ३३ अंशांच्या दमट हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातलं पाणी थेंब होऊ लागतं ते, २६-२७ अंशांच्या आसपास असतो. कॉईल १० अंशांची. तिच्यावर दव पडतं आणि ते नळीतून बाहेर गळतं. विलिस कॅरियर या अमेरिकी इंजिनिअरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आपलं यंत्र आखलं तेही माणसांच्या गारव्यासाठी नव्हतं. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत, म्हणून होतं.

या पाण्याची किंमत मोजता येते. हवेतल्या एक लिटर पाण्याचा द्रव करायला कॉईलला सुमारे २४४० किलोज्यूल उष्णता गिळावी लागते. तासाला दीड लिटर पाणी पडत असेल तर एक किलोवॅट क्षमता फक्त पाण्यावर खर्च होते, दीड टनाच्या एसीच्या क्षमतेचा जवळजवळ पाचवा हिस्सा. दार सारखं उघडत असेल, खिडकीला फट असेल, तर त्याहून बरीच जास्त.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, लहान खोलीला मोठा एसी घेऊ नका. दोन टनाचा एसी दहा बाय दहाच्या खोलीत पाच मिनिटांत आकडा गाठतो आणि झोपतो. पाणी काढायला कॉईल पुरेसा वेळ थंड राहतच नाही. खोली थंड पण चिकट, गाद्यांना वास, पावसाळ्यात चपलांवर बुरशी. होमस्टेवाले 'पाहुण्याला लगेच गार लागलं पाहिजे' म्हणून हेच करतात आणि मग तक्रार करतात. दुसरी, कोरडी हवा २६ अंशांवरही सुखाची वाटते. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच येतात, तो सरकारी नियम आहे. मी तर २६ आणि वर छताचा पंखा सांगतो. जुलैत, बाहेर २७ अंश आणि सगळं ओलं असताना, रिमोटवरचा ड्राय मोड लावा. त्यात पंखा मंद होतो, हवा कॉईलवर जास्त वेळ रेंगाळते आणि पाणी जास्त निघतं.

तपासणी : बादली, थर्मामीटर, हात

मेकॅनिक बोलवायच्या आधी अर्धा तास खर्च करा.

फिल्टर काढून धुवा, सावलीत वाळवून परत लावा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. डिचोली-साखळीकडची लाल माती फिल्टरवर बसली की पंधरा दिवसांत त्याचं फडकं होतं.

मग दारं-खिडक्या लावा, १८ अंश आणि पंखा जोरात ठेवून वीस मिनिटं चालू द्या. १८ एवढ्यासाठी की इन्व्हर्टर एसी (ज्याच्या कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होतो) पूर्ण जोर लावेल. आरामात फिरणाऱ्या यंत्राची परीक्षा होत नाही. स्वयंपाकाचा किंवा मत्स्यटाकीचा साधा डिजिटल थर्मामीटर आधी वरच्या जाळीपाशी, जिथून हवा आत ओढली जाते तिथे, आणि नंतर बाहेर फेकणाऱ्या झडपेत धरा. फरक ८ ते १२ अंश असेल तर ठीक. आर्द्रता जास्त असली की फरक आठकडे झुकतो, कारण क्षमता पाण्यात जाते. इंटरनेटवरचे कोरड्या देशांतले आकडे वाचून घाबरू नका.

म्हणून बादली. ड्रेनची नळी बादलीत सोडा, पण तिचं टोक पाण्यात बुडू देऊ नका. बुडालं की नळीत हवा अडकते आणि पाणी उलटं भिंतीवर उतरतं. तासाने मोजा. मेमध्ये दीड टनाला एक ते दोन लिटर हा मला रोज दिसणारा आकडा आहे. फरक आठ अंशांचा आणि बादलीत दीड लिटर, तर यंत्र ठणठणीत आहे. फरक चार अंशांचा आणि बादली कोरडी, तर खरोखर काहीतरी बिघडलंय. (हे पाणी झाडांना, लादी पुसायला वापरा. वीज गेल्यावर चालणाऱ्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका. कॉईलवरची धूळ आणि धातूचे कण त्यात असतात.)

आता आउटडोअरपाशी हात लावा. बहुतेक घरगुती स्प्लिट एसींत कॅपिलरी किंवा व्हॉल्व्ह बाहेरच्या डब्यातच असतो, त्यामुळे बारीक आणि जाड दोन्ही नळ्या गार लागायला हव्यात आणि जाड नळीला घाम फुटलेला असावा. बारीक नळीवर पांढरा बर्फ आणि जाड नळी कोरडी, कोमट? ही गॅस कमी असल्याची खूण. गॅस कमी म्हणजे दाब कमी, दाब कमी म्हणजे उत्कलन बिंदू शून्याच्या खाली. जो थोडा द्रव आहे तो कॉईलच्या तोंडाशीच उकळून जातो, तिथे बर्फ धरतो आणि पुढची कॉईल रिकामी राहते.

पण पूर्ण कॉईल पांढरी आणि जाड नळीवरही बर्फ असेल तर गॅस बहुधा पुरेसा आहे, हवाच फिरत नाही. फिल्टर तुंबलेला, कॉईल मळलेली किंवा आतला पंखा मंदावलेला. उष्णता मिळत नाही म्हणून द्रव उकळत नाही, आणि न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरपर्यंत पोचतो. द्रव दाबला जात नाही, कॉम्प्रेसरच मोडतो. अशा वेळी एसी बंद करून फक्त पंखा चालू ठेवा, बर्फ उतरू द्या. 'गॅस संपला' म्हणून यात आणखी गॅस भरणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी पाणी ओतणं.

आउटडोअरच्या पंख्यातून येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा आठ-दहा अंशांनी तरी गरम लागली पाहिजे. गरम लागत नसेल तर आत उष्णता गोळाच होत नाहीये.

खारा वारा

किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटरांत राहत असाल तर हा भाग दोनदा वाचा. आउटडोअरच्या नळ्या तांब्याच्या, वरचे पापुद्रे ॲल्युमिनिअमचे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले, मध्ये मीठ आणि रात्रीचं दव: ही छोटीशी बॅटरीच झाली. त्यात ॲल्युमिनिअम झिजतं आणि पांढरी भुकटी पडते. डोळ्यांना फक्त रंग उडाल्यासारखं दिसतं, पण तांबं आणि ॲल्युमिनिअम जिथे घट्ट टेकायचे तिथली पकड सुटलेली असते. वहनाने उष्णता नळीतून पापुद्र्यात जायची, ती वाटच तुटली. मग पंखा कितीही फिरो.

उपाय स्वस्त आहे. आधी एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा एसीचा खटका, पाडा. रिमोटने बंद करणं म्हणजे बंद नव्हे. आतल्या कॅपॅसिटरमध्ये नंतरही चार्ज राहतो, म्हणून झाकणं उघडू नका. बागेच्या साध्या नळीने, हलक्या धारेने, गोडं पाणी मारून मीठ धुवा. किनाऱ्यालगत महिन्यातून एकदा, आत गावात दोन-तीन महिन्यांनी. गाड्या धुण्याचं प्रेशर मशीन लावू नका, पापुद्रे आडवे होतात. ॲसिड तर अजिबात नको. मागच्या वर्षी मोरजीच्या एका होमस्टेत सफाईवाल्याने 'चकाचक' करायला काहीतरी तीव्र लावलं होतं; चार महिन्यांत तीन कॉईल गेल्या. नवा एसी घेताना निळ्या किंवा सोनेरी थराचे पापुद्रे आणि तांब्याची कॉईल विचारून घ्या. थर चढवलेला असला तरी धुणं चुकत नाही.

आतल्या कॉईललाही एक रोग आहे. तांब्यात मुंगीच्या वारुळासारखी बारीक भोकं पडत जातात. व्हिनेगरसारख्या आम्लांच्या वाफा आणि ओलावा एकत्र आले की हे होतं. इनडोअर स्वयंपाकघराच्या दारावर बसवू नये, त्याचं हे एक कारण.

गॅस भरायला माणूस आलाच, तर

तपासणीत गळतीच्या खुणा दिसल्या की मेकॅनिक लागतोच. हे घरी करायचं काम नाही. आर-३२ मंद गतीने का होईना, पेट घेतो. पण शेजारी उभं राहून तीन प्रश्न विचारता येतात.

"गळती कुठे सापडली?" ती सापडल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. पहिला संशय फ्लेअर नटवर, जिथे तांब्याच्या नळ्या डब्याला जोडतात. साबणाचा फेस लावला की बुडबुडे दिसतात. एका काकींकडे तीन वर्षं दर मे महिन्यात गॅस 'भरला' जात होता. मी गेलो तेव्हा एका नटाला निम्मा आटा लागलेला होता. नळीचं तोंड नव्याने पसरवून नट लावला, गॅस भरला, तेव्हापासून फक्त दिवाळीच्या शुभेच्छांसाठी फोन येतो.

"व्हॅक्यूम पंप आणलाय?" नळी उघडली की आत हवा आणि ओलावा शिरतो. हवा आउटडोअरमध्ये जागा अडवते, दाब चढवते. ओलावा कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल करतो. दुरुस्तीनंतर नायट्रोजनच्या दाबाने तपासणी आणि मग पंपाने चांगली अर्धा तास ओढलेली पोकळी, हे झाल्याशिवाय पुढे जायचं नसतं. 'थोडा गॅस सोडून हवा काढतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

"किती ग्रॅम?" प्रत्येक आउटडोअरच्या पाटीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून भरायचा. हाताने नळी चाचपत 'आता बरोबर झाला' म्हणणारे उस्ताद मी पाहिलेत, त्यातले काही खरंच हुशार होते. पण इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो आणि दाब त्याबरोबर हलतो, तिथे अंदाज चालत नाही.

खोलीकडेही बघा

मंगळुरी कौलांखाली, फॉल्स सीलिंग नसताना एसी लावणं म्हणजे समुद्र उपसणं. कौलांच्या प्रत्येक फटीतून दमट हवा आत येते आणि बादली भरते. स्लॅबच्या वरच्या मजल्यावर उलट त्रास: दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत खाली उष्णता फेकतो. वर पांढरा परावर्तक रंग किंवा पत्र्याची सावली करा. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूची चटई किंवा झावळ्यांचा आडोसा बरा. ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो, आणि पडद्याची उष्णता खोलीतच राहते.

फ्रिज

तत्त्व तेच, आकडे वेगळे. घरगुती फ्रिजमध्ये हल्ली बहुधा आयसोब्युटेन, म्हणजे आर-६००ए असतो, पन्नासेक ग्रॅम. तो वातावरणाच्या दाबाला उणे १२ च्या जवळ उकळतो आणि फ्रीझरला त्याहून थंड हवं असतं, म्हणून आतला दाब वातावरणापेक्षाही कमी ठेवलेला असतो. नळीला भोक पडलं तर आपली दमट हवाच आत ओढली जाते आणि तिच्यातलं पाणी कॅपिलरीत गोठून वाट अडवतं. सुरीने बर्फ खरवडण्याची शिक्षा ही अशी मिळते. शिवाय तो गॅस ज्वलनशील आहे.

जुन्या एका दाराच्या फ्रिजमध्ये अर्धा सेंटिमीटर बर्फ साचला की डीफ्रॉस्ट करा. बर्फ थंड असतो हे खरं, पण ॲल्युमिनिअमच्या तुलनेत तो उष्णतेला जवळजवळ शंभर पट अडवतो. फ्रीझरला गोधडी घातल्यासारखं होतं. तो बर्फ येतो कुठून? उघड्या ठेवलेल्या हुमणातून (मासळीच्या कालवणातून) आणि दाराच्या सैल रबरातून. दारात दहाची नोट धरून बंद करा. ओढल्यावर अलगद निघाली तर रबर बदला. फ्रिजच्या बाजू गरम लागतात म्हणून घाबरू नका, तीच त्याची लावणी. भिंतीपासून चार बोटं जागा सोडा.

पावसाळ्यात माड तारांवर पडला की वीज किती तास जाईल ते सांगता येत नाही. फ्रीझरमध्ये लिटर-लिटरच्या तीन-चार पाण्याच्या बाटल्या, थोड्या रिकाम्या ठेवून, कायम गोठवलेल्या असू द्या. प्रत्येक बाटली वितळताना ३३४ किलोज्यूल गिळते. वीज गेली की एक-दोन खाली आणा आणि दार उघडू नका. वीज परत आल्यावर फ्रिज किंवा एसी लगेच सुरू करू नका. दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला तीन-चार मिनिटं लागतात, त्याआधी कॉम्प्रेसरला चढावर गाडी सुरू करावी लागते.

पुण्याला जाणारी पेटी

शेवटी तो प्रश्न, जो एसीच्या कामाला गेलो तरी मला विचारतातच: रात्रीच्या बसने मासळी न्यायची तर बर्फ किती?

हिशेब मांडू. पाच किलो बांगडे आणि इसवण (सुरमई) २८ अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे ५०० किलोज्यूल काढावे लागतात. किलोभर बर्फ ३३४ गिळतो, म्हणजे दीड किलो बर्फ इथेच गेला. सव्वा फूट लांब, फूटभर रुंद-उंच, तीन सेंटिमीटर जाड थर्माकोलच्या पेटीतून सुमारे २१ वॅट उष्णता आत झिरपत राहते; बारा तासांत त्यावर आणखी पावणेतीन किलो. एकूण सव्वाचार. पेटी उन्हात पडली, बस उशिरा आली, याचं धरून पाच किलो. बाजारातल्या बायका 'जेवढी मासळी तेवढा बर्फ' म्हणतात, त्या काही किलोज्यूल मोजत नाहीत, पण उत्तर बरोबर येतं.

लादी घेऊ नका, चुरा घ्या. बर्फाने गारवा द्यायचा तर तो मासळीला टेकला पाहिजे आणि वितळला पाहिजे. लादी फक्त जिथे टेकेल तिथे काम करते. पोट साफ केलेली मासळी, खाली बर्फाचा थर, मग मासळी, मग बर्फ, शेवटी वर जाड थर, कारण वितळलेलं शून्य अंशाचं पाणी खाली ओघळताना प्रत्येक मासळीवरून जातं. मीठ टाकू नका. मिठाने बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, कडेची मासळी गोठते आणि नंतर भुसभुशीत होते. झाकणाला चिकटपट्टी गोल फिरवा.

सकाळी पेटी उघडाल तेव्हा पाण्यात बर्फाचे थोडे खडे तरंगताना दिसायला हवेत. खडे आहेत तोवर त्यांच्याभोवतीचं सगळं शून्याच्या जवळच आहे. एकही खडा उरला नसेल आणि पाणी हाताला कोमट लागत असेल, तर सासूबाईंना 'अगदी ताजी' म्हणून देऊ नका. बांगड्यासारखी मासळी गरम राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते कालवण कितीही उकळलं तरी जात नाही.